वरचं कार्ड

युसूफ वडगाव
१२ ऑगस्ट

चि. मनिषा,

अण्णाचा आशीर्वाद. हे पत्र बघून तू म्हणशील, अण्णाला येड लागलं, हातात मोबाईल असताना पोस्टात गेला. तर ऐक. फोनवर तू काय बोलतीस ते मला पाठ झालंय. जेवलात का, गोळी घेतली का, बरं ठेवू का. माह्या तोंडातून 'हां' निघायच्या आत फोन गार. सारी नोकरी दुसऱ्यायची टपालं वाटण्यात गेली, सायकलीचे किती टायर झिजले, आन आता माह्या नावाचं साधं एक कार्ड येत न्हाई म्हंजी काय? नवा पोस्टमन दारावरून जातो, हात करतो आन पुढं निघतो. मला लई राग येतो त्याचा. त्या बिचाऱ्याचा काय गुन्हा हाय, पर येतो.

आता मुद्द्याचं. परवा दुपारी मी ओसरीवर बसून मोबाईलवर भजन लावलं. भजनाच्या आधी जाहिरात लागतीच. कवा मंजनाची, कवा सिमिटाची. मी बोट उगारूनच बसतो, 'वगळा' असं आलं की दाबायचं. तर परवा बोट उगारलं आन समोर तुही माय.

मने, देवाची आन. आपल्याच ओट्यावर बसलेली, हिरवं लुगडं, मांडीवर चाळणी. "राम राम. मी छबुबाई, युसूफ वडगावची. घरी भाजलेलं, घरी दळलेलं येसर हाय. पाण्यात कालवा, फोडणी द्या, पाव्हण्यायला आमटी वाढा. कवाबी या, मी घरीच हाय." आन शेवटाला बाजूला तोंड करून, "झालं का गं मने?"

मी "अगं!" म्हणलो. मोठ्यानं म्हणलो. तवर भजन सुरू झालं आन ती गेली. मग मी तेच भजन किती येळा लावलं. मंजन आलं, सिमिट आलं, ती न्हाई आली. माघात ती आपल्याला सोडून गेली, तवापासून तिचा आवाज कानावर पडला नव्हता. आवाज कसा व्हता तेच मी इसरायला लागलतो. तू पुण्यात ह्याच जाहिरातीच्या कामात हायेस म्हणून इचारतो, हे कसं काय झालं?

उत्तर पोस्टानं टाक. व्हॉट्सअपवर टाकलंस तर वाचणार न्हाई.

तुहा अण्णा,
रामकिसन


पुणे
२० ऑगस्ट

ती. अण्णा,

नमस्कार. किती वर्षांनी हाताने लिहितेय, अक्षराला हसू नका. ऑफिसात पेन मागितलं तर सगळे माझ्याकडे बघायला लागले.

ती जाहिरात मीच केली होती, गेल्या दिवाळीत. मायचं येसर केज-अंबाजोगाईपर्यंत खपावं म्हणून. तुम्हाला आठवत असेल, मी मोबाईल धरून उभी आणि मायचं आपलं, थांब गं, पदर नीट घेऊ दे, थांब गं, चाळणी चांगली आणू दे. शेवटचं "झालं का गं मने" काढून टाकायचं होतं, ते माझ्याकडून राहिलं.

आमच्या कामात जुनी जाहिरात कधीकधी कुठेतरी अडकून राहते आणि मग अचानक कुणाला तरी दिसते. तसंच काहीतरी झालं असेल. मनाला लावून घेऊ नका. त्रास होत असेल तर सांगा, बंद करून टाकते.

रक्तदाबाच्या गोळ्या पुढच्या आठवड्यात कुरिअरने येतील. मोबाईलचा रिचार्ज, लाइटबिल, गॅस, सगळं आपोआप होईल असं लावून ठेवलंय. तुम्हाला काही करायचं नाही. कामाची घाई आहे. वेळेवर जेवत जा.

मनिषा


युसूफ वडगाव
२८ ऑगस्ट

चि. मनिषा,

आशीर्वाद. पत्र आलं. पोस्टमननं हातात दिलं तवा त्याला बसवून चहा पाजला, ऐटीत पाकीट फोडलं, आन बघतो तर एक पान! तेबी पुरतं भरलेलं न्हाई. "जेवत जा" तेवढं पत्रातबी हायेच.

आन बंद करून टाकते म्हणं! खबरदार. बंद केलीस तर तुहं माहं बोलणं न्हाई.

ती आता येती, मने. रोज न्हाई, पर येती. कवा दुपारी, कवा दिवेलागणीला. एखांद्या दिशी वाट बघून बघून मी उठतो, चुलीकडं जातो, आन तेवढ्यात मागून "राम राम". जित्तेपणीबी तिचं असंच व्हतं, बाजारला गेली की कवा येईल ह्याचा नेम न्हाई. 'वगळा'कडं आता मी बोट नेत न्हाई. मोबाईल लोट्याला टेकवून ठेवतो आन तिच्यासमोर भाकर खातो. "झालं का गं मने" म्हणली की तुह्या वतीनं मी म्हणतो, झालं.

एकट्या मलाच दिसती असंबी न्हाई. शेजारच्या ताराबाईला दिसली तर ती खरकटे हात घेऊन पळत आली, "भाऊजी, छबुबाई मोबाईलात बोलायली!" धुळाजीच्या हाटेलात गेलतो, तर तो गल्ल्यावरून वरडतो, "बे रामकिसन, तुही बायको आलती आत्ताच. तुला इचारत व्हती." समदे हसले. मीबी हसलो. घरी आल्यावर रडलो, आता तुला कशाला खोटं सांगू.

परवा शाळेतल्या नव्या मास्तरची बायको डबा घेऊन दारात उभी. गावात नवी हाय, तिला काय ठाऊक. म्हणली, "मावशी आहेत का? येसर पाहिजे होतं. कवाबी या म्हणाल्या ना त्या." मला खरं सांगवंना. म्हणलो, "बाजारला गेली." ती म्हणली, "बरं, मग येते नंतर." ती गेली आन मी लई टाइम दाराकडं बघत बसलो. खरंच बाजारला गेल्यावाणी वाटलं.

आता एक काम कर. ही जाहिरात जो कोण धाडतो त्याचा पत्ता दे. अडकून राहिली म्हणतीस, पर अडकलेलं टपाल एकदा येतं, रोज येत न्हाई. कोणीतरी धाडतंय. त्याला एक कार्ड टाकतो. उपकार झाले म्हणून लिहितो.

अण्णा


पुणे
७ सप्टेंबर

ती. अण्णा,

पोस्टमनला फसवणं अवघड. घ्या पत्ता लिहून. मनिषा रामकिसन, वाकड, पुणे. पाकिटावर आहे तोच. मीच पाठवते.

माय गेल्यावर ती जाहिरात मी बंद केली होती. आषाढात एकदा तुम्हाला फोन केला, तर मागे नुसता पंख्याचा आवाज येत होता. तुम्ही 'हां, हां' करत होता आणि पंखा फिरत होता. दुसऱ्या दिवशी मी ती पुन्हा चालू केली. नकाशावर बोट ठेवून एक गोल काढावा लागतो, त्या गोलातल्या मोबाईलांवरच जाहिरात दिसते. लोक जिल्हेच्या जिल्हे घेतात. मी सगळ्यात लहान गोल घेतला, आपल्या गावापुरता. विकायला काही नाही, येसरचा डबा रिकामा आहे, मला ठाऊक आहे. ती तुमच्यासाठीच आहे. गावाला उगाच दिसते.

पैशाचं विचाराल. इथे माझं कामच ते आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या जाहिरातीला एकेक व्हर्च्युअल कार्ड लावून द्यायचं. बँकेचंच असतं, पण हातात धरायला काही नाही, कागद नाही, प्लास्टिक नाही, नुसता नंबर. ते कार्ड एकदा टाकलं की जाहिरातीचे पैसे त्यातून आपोआप जात राहतात, आणि जाहिरात थांबत नाही. कुणाचं काही थांबू नये, एवढंच मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बघते. तसंच एक कार्ड मी मायसाठी टाकलं. फार लागत नाही, काळजी करू नका.

आणि एक सांगते, रागावू नका. संध्याकाळी मला इकडे कळतं, आज जाहिरात किती जणांना दिसली, किती जणांनी मध्येच वगळली. बहुतेक सगळे वगळतात. शेवटपर्यंत बघणारा एखादाच. तो म्हणजे तुम्ही, असं मी धरून चालते. तेवढं दिसलं की मी म्हणते, अण्णा बरे आहेत, ओसरीवर बसलेत. मग मी डबा उघडून जेवते.

घरी का येत नाही ते तुम्ही कधी विचारत नाही. रजा मिळते, अण्णा. दोनदा स्टँडपर्यंत आले, एकदा तर केजचं तिकीटही काढलं. पण मी दारात चपला काढते ना काढते तोच माय आतून म्हणायची, "आली का गं?" आता मी दार उघडणार आणि आतून काहीच येणार नाही. ते मला सोसणार नाही. इथेही कुणी बोलत नाही, पण इथे पहिल्यापासूनच कुणी बोलत नव्हतं. खोलीवर आले की मी टीव्ही लावून ठेवते.

मनिषा


युसूफ वडगाव
१६ सप्टेंबर

चि. मनिषा,

पत्र वाचलं आन आधी राग आला. म्हणलं, ही पोरगी मायलाबी आपोआप लावून बसली! गोळ्या आपोआप, गॅस आपोआप, लाइटबिल आपोआप, आन आता माय. माह्या दारात समदं आपोआप येतं, तू तेवढी येत न्हाईस. लिहून गेलं, आता खोडत न्हाई.

मग चहा पिऊन परत वाचलं. पंख्याचं वाचलं, आन तू मला बघून जेवतीस ते वाचलं. अगं येडे, मी तुह्या मायला बघून जेवतो, तू मला बघून जेवतीस, आन ती बिचारी मधी चाळणी घेऊन बसलीय, तिला कोणीच इचारीना जेवलीस का म्हणून.

तुह्या कार्डाचं धुळाजीला सांगितलं. तो म्हणला, "व्हर्च्युअल न्हाई बे, वरचं म्हणली असंल. वरचं कार्ड. छबुबाई वर गेलीय, तिला खाली आणायला वरचंच कार्ड लागणार की." तवापासून हाटेलात तेच नाव पडलंय. आज वरचं कार्ड आलं का, रामकिसन? मला तर काई उमगलं न्हाई. कागद न्हाई, शाई न्हाई, आन म्हणं कार्ड! पर चालतंय न्हवं, मग चालू दे.

आता माहं मन वेगळंच चालतं. आधी ती दिसली की वाटायचं, छबु आली. आता दिसली की म्हणतो, मनी बरी हाय. कामावर गेलीय, कार्ड टाकलंय, हातपाय धड हायेत. फोनवरच्या "बरी हाय"परीस मला हे खरं वाटतं. रोज तुही खुशाली येती म्हण की.

मास्तरची बायको परत येऊन गेली. म्हणलो, "आजबी बाजारला गेली." तिनं डबा पदराखाली घेतला आन गेली. तिला कोणीतरी सांगितलं असंल.

दिवाळीला ये असं म्हणत न्हाई. तुला वाटलं तर ये.

अण्णा


युसूफ वडगाव
५ नोव्हेंबर

मने,

दिवाळी झाली. तू आली न्हाईस, त्याचं काई न्हाई. पर तुही मायबी आली न्हाई. दिवाळीच्या आधीपासून आली न्हाई. मला वाटलं मोबाईल बिघडला, म्हणून धुळाजीला दाखवला. तो म्हणला, माह्यावरबी येईना. 

फोन केला तर तू म्हणलीस, "बरी हाय अण्णा, कामात हाय." आवाज विहिरीतून आल्यावाणी. परत केला, परत तेच. बरी हायेस तर कार्ड कावून बंद पडलं?

मी टपाल वाटायचो तवा कोपरा फाटलेलं कार्ड थैलीत दिसलं की वाचायची गरज नसायची. कोणीतरी गेलं. त्या दारात सायकल लावायला पाय धजायचा न्हाई. मी घरी आलो की तुही माय पाणी द्यायच्या आधी इचारायची, "आज कोपरा फाटलेलं न्हवतं ना वो?" वंगाळ व्हतं, पर माणसाला कळायचं तरी. तुह्या ह्या वरच्या कार्डाला कोपराच न्हाई. ते नुसतं यायचं थांबतं. मी काय समजायचं, सांग.

गावबी रिकामं झालं. ताराबाईचं बिऱ्हाड परवा ऊसतोडीला गेलं, ट्रॅक्टरात भांडी, सरपण, शेळी समदं घालून. जाताना घराची किल्ली माह्या हातात देऊन म्हणली, "भाऊजी, तुमीच हाय आता गल्लीला." सारी गल्ली कुलपात हाय. मी मोबाईल लोट्याला टेकवून बसतो. मंजन बघतो, सिमिट बघतो, एकबी वगळत न्हाई. न जाणो, मागून ती यायची.

मला भ्या वाटायलंय, मने. खरं काय ते लिव्ह.

अण्णा


पुणे
१२ नोव्हेंबर

ती. अण्णा,

मला काही झालेलं नाही. दिवाळीत जाहिरातींची गर्दी असते, श्वास घ्यायला वेळ नव्हता. मायच्या जाहिरातीला लावलेल्या कार्डाची मुदत संपली आणि माझं लक्ष राहिलं नाही. एवढंच. नवं कार्ड टाकलं की माय परत येईल. चार दिवसांत टाकते.

मंजन बघत बसू नका, डोळे दुखतील.

मनिषा


युसूफ वडगाव
२४ नोव्हेंबर

चि. मनिषा,

आशीर्वाद. ह्याच पाकिटात पोस्टाची कार्डं घातलीत. कोरी हायेत, बघून घे. नोकरी संपली तवा कौतुकानं घेऊन ठेवलती, लोकायला टाकीन म्हणून. मग टाकायला माणसंच उरली न्हाईत. तुह्या मायच्या येसरच्या रिकाम्या डब्यात ठेवलती, झाकण घट्ट हाय, वाळवी लागत न्हाई.

आता कावून धाडली ते ऐक. नवं कार्ड टाकलं की माय येईल असं तू लिहिलंस. चार दिस म्हणलीस. चार गेले, वर आणखी गेले, ती आली न्हाई. तवा मी समजलो, पोरीला कार्ड मिळंना. पुण्यात कोण इकत असंल आता कार्डं? मला पहिल्यापासून शंका व्हती. बिनकागदाचं कार्ड, ते टिकून टिकून किती दिस टिकणार? म्हणं मुदत संपली. ह्याला मुदत नसती बघ. आजोबानं घेतलेलं कार्ड नातवानं टाकलं तरी जातं.

धुळाजी म्हणला, "आन पैसे रं? ते तर कार्डातूनच जात्यात म्हणली न्हवं ती." म्हणलो, येड्या, कार्डावर सरकारी छाप असतो, पैसे छापतानाच त्यात भरलेले असत्यात. म्हणून तर कार्डाला तिकीट लावावं लागत न्हाई. त्याला पटलं.

तवा एक काढ, त्या जाहिरातीच्या कचेरीचा पत्ता लिव्ह आन टाक. मजकूर सुचला न्हाई तर "छबुबाईला धाडा" एवढंच लिव्ह. एका कार्डानं भागलं न्हाई तर दुसरं टाक. भरपूर हायेत. समदे कोपरे बघून घेतलेत, एकबी फाटलेला न्हाई.

ती न्हाई आली तरी मी मरत न्हाई, मने. पर ती आली की तू बरी हायेस असं मला कळतं, म्हणून एवढा खटाटोप.

अण्णा


पुणे
२ डिसेंबर

(पहिलं कार्ड)

ती. अण्णा,

तुमच्याच कार्डांवर लिहितेय. एकावर मावणार नाही, म्हणून तीन टाकतेय. उघडी कार्डं आहेत, तुमचा नवा पोस्टमन वाचेल. वाचू दे.

पत्र वाचून आधी मी हसले. एकटीच, मोठ्याने. सरकारी छाप म्हणे! धुळाजीकाकांना पटलं म्हणे! पुष्कळ दिवसांनी या खोलीत कुणी हसलं. मग कार्डं बाहेर काढली आणि खोलीभर येसरचा वास सुटला. मला वाटलं शेजारी कुणी आमटी केली. मग कार्डं नाकाशी धरली. त्यांच्या कडांना पिठी बसलीय, अण्णा, डब्याच्या तळातली. मी फरशीवर बसले आणि माय गेली त्या दिवशी रडले नव्हते ते काल रडले.


(दुसरं कार्ड)

आता खरं. मला डेंगी झाला होता. दवाखान्यात होते. नर्सबाई दर पाळीला विचारायची, "सोबत कोण आहे?" मी म्हणायचे, "बाहेर गेलेत, येतीलच." तुम्ही मास्तरच्या बायकोला सांगितलं ना, तसंच. तिसऱ्या दिवसापासून ती विचारेनाशी झाली. तुम्हाला कळवलं नाही, कारण तुम्ही त्याच दिवशी एसटीत बसला असता आणि या पुण्यात माझा पत्ता शोधत हिंडला असता.

त्याच दिवसांत मायचं कार्ड बंद पडलं. सगळ्या गिऱ्हाइकांचं काही थांबू नये म्हणून मी नोकरी करते, आणि आपलं थांबलं तेव्हा मला उठवत नव्हतं, खोलीवर परत आल्यावरही किती दिवस. मग तुम्ही शेवटपर्यंत बघताय की नाही, तेही कळेना. तुम्ही तिकडे मंजन बघत होता, मी इकडे छत बघत होते. आता बरी आहे. जिना चढताना दम लागतो, बाकी काही नाही.


(तिसरं कार्ड)

नवं व्हर्च्युअल कार्ड तयार आहे. काल नंबर टाकायलाच बसले होते, तेवढ्यात तुमचं पाकीट आलं. तो नंबर मी टाकला नाही. मोबाईलात माय दिसते, बोलते, पण वास तुमच्या कार्डांना आला. अण्णा, तुमचं कार्ड चाललं.

तुम्ही कचेरीचा पत्ता लिही म्हणालात, मी आपल्या घराचा लिहिलाय. एकच विचारते. मी दारात चपला काढल्या की तुम्ही आतून काहीतरी बोलाल का? काहीही बोला. नुसतं खोकलात तरी चालेल.

येऊ का?

मनिषा


युसूफ वडगाव
९ डिसेंबर

चि. मनिषा,

तिन्ही कार्डं पोचली. पोस्टमननं वाचलीत. देताना तो माह्याकडं बघंना. मी रागावलो न्हाई, बसवून चहा पाजला.

डेंगी झाला आन बापाला सांगितलं न्हाईस, त्याचं भांडण तू आल्यावर. एक कार्ड माह्याकडं राहिलतं, त्याच्यावरच लिहितोय, जागा कमी हाय. मास्तरच्या बायकोला मी खरं सांगितलं. ती म्हणली, मला ठाऊक होतं काका. मग आमी दोघांनी ओट्यावर बसून येसर भाजलं. गहू करपले. तू आलीस की सांग कसं करायचं, तुला मायनं शिकवलंय.

आतून बोलायचं म्हणतीस ते मी म्हणून बघायलोय, "आली का गं?" एकटाच म्हणतो. आवाज जरा बसलाय, पर बाहेर ऐकू जातो, धुळाजीला उभं करून बघितलं.

जाहिरात लावू नको. तुह्या मायला आता बसू दे निवांत. आन येऊ का म्हणून इचारतीस व्हय गं?

कवाबी ये. मी घरीच हाय.

अण्णा